तो बांबू नव्हता

भावजी गेले तेव्हा मी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होतो. निडी गावात आमच्या घरामागे लाकडाची थप्पी असते, तिच्या आडोशाला बसलो होतो. भाच्याचा, महेशचा फोन आला. "मामा, बाबा गेले. जेवून उठले, हात धुवायला गेले आणि मोरीपाशीच बसले ते..." मी म्हटलं, "लाकडाचं कुणी बघू नका. सरण मी रचणार." भावजी गेले हे कळल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं बोलणं ते. माझी सख्खी बहीण विधवा झाली, ती कशी आहे, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे शेती आणि लाकूड. पण सरण रचण्यात आमच्या बाजूला माझा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर लोकांच्या आधी मीच म्हणतो. खाली जाड ओंडके, वाऱ्याला वाट ठेवून त्यावर आडवी फाटी, छातीवर वजनदार लाकूड. माझं सरण कधी कलत नाही, धुमसत नाही. भर पावसातसुद्धा पेटवून दाखवलं आहे. भावजींना हे सगळं ठाऊक होतं. यशवंत त्यांचं नाव. रोह्याला कंपनीत वायरमन होते, शिफ्ट करून करून रोह्याशेजारच्या अष्टमी गावात दोन खोल्या बांधल्या. मी त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ, म्हणून वयात फार फरक नसताना मला दादा म्हणायचे. दादा म्हणून म्हणून चेष्टाही करायचे.

त्यांना पहिल्यांदा त्रास झाला तो आमच्याच शेतात. थंडीत पोपटी लावली होती, वालाच्या शेंगांचं मडकं जाळातून काढलं, भावजी उठले आणि एकदम पांढरे पडले. छातीला हात लावला तर आत कुणीतरी दार ठोठावावं तसं चाललेलं, ठोका मोजता येईना. पेणला रामवाडीत एका डॉक्टरांकडे नेलं. पुढे मुंबईला काळजाचे फोटो झाले आणि ते घेऊन आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर बसलो. ते म्हणाले, मागे कधीतरी हार्ट अटॅक येऊन गेला आहे, यांना कळलाच नाही. तेवढ्यापुरतं काळजाचं मांस मेलं, तिथे वण राहिला आहे.

भावजींनी विचारलं, "डॉक्टर, मी जन्मभर वायरी ओढल्या. फॉल्ट एकतर वायरीत असतो, नायतर जॉइंटला. माझा कुठं हाय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "तुमच्या वायरी बऱ्या आहेत. फॉल्ट भिंतीत आहे." मग त्यांनी समजावलं की काळजात वायरीसारखे धागे असतात, पण थोडेच. तिथून पुढे करंट मांसामांसातूनच जातो, म्हणून मांसाची वीण कशी आहे यावर त्याची चाल ठरते. भावजी पोरासारखे ऐकत होते. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "भिंतीतून करंट जायला लागला तर घर शॉक मारील." भावजी म्हणाले, "मारतंय ना दादा. म्हणून तर पडलो."

पुढच्याच आठवड्यात ते निडीला आले आणि माझ्या बायकोने कपड्यांसाठी आणलेली नीळ मागून घेतली. मी नुकताच आंब्याचा ओंडका फोडला होता. त्यातली एक फळी त्यांनी मांडीवर घेतली, मधोमध गाठ असलेली. निळीचा एक थेंब टाकला. तो गोल पसरला नाही. लाकडाच्या रेषेने लांब पळाला, आडवा जेमतेम सरकला. "मांसाला पण अशी रेषा असते," भावजी म्हणाले. "करंट रेषेने पळतो, आडवा जायला रडतो." मग गाठीजवळ दुसरा थेंब टाकला. गाठीपाशी रेषा वळतात, तशी नीळही वळली, गाठीला वळसा घालून गेली. "आता ही गाठ म्हंजे माझा वण. करंट हिच्यातून जात नाय. बाजूला जिवंत मांसाच्या बारीक वाटा राहिल्यात, तिथनं रखडत जातो. तो पलीकडं निघेस्तोवर अलीकडचं मांस विसावा घेऊन पुन्हा तयार बसलेलं असतं. मग तो परत त्यातच शिरतो. खळ्यावर मेढीभोवती बैल फिरतात ना, तसा. आणि त्याच्या मागनं सगळं काळीज धावतं."

मला ते तिथल्या तिथे कळलं होतं. गाठीवर कुऱ्हाड कशी वळते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सरळ लाकूड एका घावात दुभंगतं, गाठीपाशी माणूस घामाघूम होतो. पण बहिणीच्या नवऱ्याने मला माझ्याच लाकडावर शिकवावं, हे सोसलं नाही. मी म्हटलं, "काळीज म्हंजे काय जळाऊ लाकूड हाय?"

"शेवटी तुमच्याच हातात येणार, दादा," ते म्हणाले. "जळाऊच की."

त्यानंतर मुंबईला त्यांच्या छातीत यंत्र बसवलं. खांद्याच्या खाली, कातडीआड, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. बैल गोल फिरायला लागले की ते एक फटका मारून त्यांना थांबवायचं. भावजी शर्टाचं बटण काढून कुणालाही हात लावू द्यायचे. एकदा आमच्या पडवीत बसून म्हणाले, "मी गेलो की आधी हे काढून घ्यायचं. बंद डबीत बॅटरी हाय. आगीत फुटते. डॉक्टरनी बजावलंय." मी म्हटलं, "मेल्यावर माणसाला चिरायचं नाय. हाय तसाच जाईल." ते म्हणाले, "चिरायचं कुठं, बोटभर टाका." मी म्हटलं, "माझ्या सरणावर हाय तसाच जाईल." त्यांनी शर्टाचं बटण लावलं आणि म्हणाले, "चहा टाकायला सांगा." मला वाटलं, मी जिंकलो.

भावजी गेले त्या दिवशी मी अष्टमीला पोचलो तेव्हा महेश भावजींना दवाखान्यात न्यायला गाडी बघत होता. काळीज फार थकलं होतं, या वेळी यंत्राचं त्याच्यापुढे चाललं नाही, असं घरी बघायला आलेले डॉक्टर सांगून गेले होते. यंत्र काढून घ्या, असंही सांगून गेले होते. महेश म्हणाला, "मामा, बाबांनीच सांगितलेलं." मी दारात आडवा उभा राहिलो. "कोण हात लावतो बघतो." शेवंता, माझी बहीण, उशाशी बसली होती. ती लेकाला म्हणाली, "असू दे रे. दादा म्हणतो तसं कर." मला वाटलं, माझा मान राखला.

कुंडलिकेच्या काठी मी सरण रचलं. चांगलं रचलं होतं. अग्नी दिल्यावर महेश सगळ्यांना रस्त्यापर्यंत मागे न्यायला लागला, धूर लागेल म्हणून. मला राग आला, माझ्या सरणाला धूर होतो का? तेवढ्यात त्याने माझा दंड धरला, "मामा, पाणी प्या चला." मी म्हटलं, "मी काय कुकुलं बाळ हाय?" तरी त्याने ओढत नेलं. पेला तोंडाला लावला आणि आवाज झाला. सुरुंगाचा होतो तसा. छातीवरचं लाकूड उडून जिथे मी उभा होतो तिथे येऊन पडलं, निखारे चारी बाजूला. सरण एका अंगाला उघडं पडलं. त्यात जे दिसलं ते मी लिहिणार नाही. शेवंता नदीवर आली नव्हती, तेवढंच बरं. मी बांबू घेऊन एकटाच पुढे झालो, लाकूड लोटून लोटून झाकलं. हाताला भाजलं ते समजलं नाही.

मग लोकांकडे आलो आणि म्हणालो, "तिरडीचा बांबू फुटला. ओला होता."

भावजींच्या कंपनीतले जोडीदार होते, शेजारी होते, शर्टाच्या आत हात घालून यंत्र बघितलेली माणसं होती. एक जण म्हणाला, "व्हय, ओला बांबू वाजतो." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. त्या हलवलेल्या माना अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

अस्थी सावडायला गेलो तेव्हा राखेत एक फाटका पत्रा सापडला, पानासारखा पातळ, कडा बाहेर उलटलेल्या. कुणाच्या नजरेला पडायच्या आत बंडीच्या खिशात टाकला.

महिनाभर तो खिशातच होता. शेवटी अष्टमीला गेलो. शेवंता वाल सोलत होती. पत्रा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "शेवंते, तो बांबू नव्हता गो."

"ठाऊक हाय."

"महेशनं सांगितलं?"

"महेश कशाला? त्यांनाच आधी ठाऊक होतं." तिने हात थांबवले नाहीत. "म्हणायचे, तुझा भाऊ काय मला चिरू द्यायचा नाय. तू त्याच्याशी भांडू नको, त्या दिवशी तुला त्याचीच गरज लागेल. महेशला म्हणाले, पेटवलंस की माणसं लांब ने. आणि दादाला धरून ने, तो सांगून हलायचा नाय."

"मग मला बोलले का नाय?"

"बोलले की. तुझ्या पडवीत बसून बोलले. तू ऐकलंस?"

तिने माझ्यापुढे शेंगा सरकवल्या. दोघं सोलत बसलो. निघताना तो पत्रा तिने उचलून भावजींच्या टेस्टरशेजारी, खिडकीत ठेवला. रागाचा एक शब्द बोलली नाही. माझ्यासाठी भावजींनी आपल्या सरणावरसुद्धा सोय करून ठेवली होती, आणि मी त्यांना बोटभर टाका द्यायला तयार नव्हतो. ओला बांबू मी चारचौघांत म्हटलं होतं, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. त्या दिवशी ज्यांनी माना हलवल्या, त्यांनी आता मला सांभाळून घ्यायला पुन्हा हलवायला नकोत.

परवा आमच्या गावात एक आजी गेल्या. मला बोलावणं आलं. पहिलं लाकूड उचलायच्या आधी मी त्यांच्या मुलाला सगळ्यांदेखत विचारलं, "आईच्या छातीत काय यंत्र-बिंत्र बसवलेलं हाय काय?" तो नाही म्हणाला. मागे कुणीतरी हळूच हसलं. हसू दिलं.

लाकूड काढताना थप्पीतून ती आंब्याची फळी पुन्हा हाताला आली. दर वेळी येते आणि दर वेळी मी ती मागे ठेवतो. सरळ पळालेली नीळ आता दिसत नाही. गाठीभोवतीची तेवढी राहिली आहे.