झोपाळ्याचा पिंजरा आणि माझी सख्खी मुलगी

माझ्या सख्ख्या मुलीने मला एका महिन्यात दोनदा नापास केले आहे. शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा मला एका इयत्तेत एकदाच केले होते.

माझा धंदा जुन्या सामानाचा. लोणावळ्यात एखादा जुना बंगला पाडायला काढला की त्याची दारे, खिडक्या, ग्रिल मी उचलतो आणि कान्हे फाट्यावरच्या गोदामात विकायला मांडतो. भाव करण्यात मला मावळात कोणी हरवलेले नाही. (बायकोला धरत नाही. ती भाव करत नाही, निकाल देते.)

तर आमच्या इथल्या टेकडीवर बग्गीची शर्यत ठरली. ही बग्गी म्हणजे चार जाड चाके, एक इंजिन आणि चालवणाऱ्याच्या भोवती लोखंडी पाईपचा पिंजरा. त्याला रोल केज म्हणतात. एकेकाने दगडधोंड्यांतून टेकडी चढायची, बाकीच्यांनी खाली उभे राहून नावे ठेवायची. मी नाव नोंदवले. कारण तरुणपणी त्याच चढावरच्या कच्च्या रस्त्याने मी वरच्या बंगल्यांतले भंगार आणायला हातगाडी ढकलत न्यायचो. मागून मोटारी हॉर्न द्यायच्या. तो चढ मला एकदा बसून चढायचा होता. एवढीच इच्छा.

एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून मी आधीच एक बग्गी उचलली होती. तिला पिंजरा नव्हता. (होता. तो मी द्राक्षाच्या मांडवासाठी विकून टाकला होता. तेव्हा शर्यतीचे कळले नव्हते.) मग गोदामातला लोखंडी पाईपच्या चौकटीचा, पितळी गोळ्यांचा झोपाळा दिसला. चार धडधाकट माणसे पेलणारा झोपाळा एका माणसाच्या डोक्यावर उभा राहणार नाही? वेल्डरला बोलावले, कापला आणि बग्गीवर चढवला.

आता प्रश्न तपासणीचा. आयोजक शहरातले, त्यांना टेकडीचा पायथा सपाट करून हवा होता. मी म्हणालो, माझा जेसीबी घ्या, पण तपासणीच्या टेबलावर माझी मुलगी शीतल बसेल. घरचे माणूस असलेले बरे! ते इतक्या पटकन हो म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. शीतल आंबीच्या एका कारखान्यात आहे. दिवसभर माल तपासायचा आणि नाकारायचा, हेच तिचे काम.

रविवारी ती टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन गोदामात आली.

"पप्पा, हे काय आहे?"

"पिंजरा."

"याला गोळे आहेत."

"पितळी आहेत."

तिने हातोडीने टकटक केले. आतून गंजाचा चुरा पडला. "आणि ही भोकं?"

"नारळ आणि हार अडकवायला. तुझ्या आईनं सांगितलं."

"म्या हार म्हनले व्हते," बायको आतून म्हणाली. "भोक न्हाई."

"भोक पाडलं की पाईप तिथंच मोडतो. गाडी उलटली तर याची घडी होईल, तुमच्या डोक्यावर."

"उलटेल कशाला?"

"उलटणारच नसेल तर पिंजरा कशाला?"

मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. "गोळे काढतो."

"पिंजरा काढा."

"पुढचे दोन खांब राहू दे."

"सगळा."

"निदान वरची आडवी पट्टी—"

"पप्पा, हे गिऱ्हाईक घासाघीस करत नाही."

हे पहिले नापास. मी तिच्याशी बोलणे बंद केले. तिला ते कळले नाही, कारण ती घरीच नव्हती. रोज ड्यूटी सुटली की ती तळेगावच्या एका वर्कशॉपमध्ये जायची. बिनजोडाचा नवा पाईप घेऊन तिने पिंजरा उभा करून घेतला, कोपऱ्याकोपऱ्याला तिरके टेके देऊन, आतून जाड फोम लावून. शेवटी मला आत बसवले आणि माझे डोके आणि वरचा पाईप यांच्यामध्ये आपला तळवा आडवा धरून पाहिला. ती लहान असताना दाराच्या चौकटीपाशी उभी करून मी तिची उंची अशीच मोजायचो. (ती चौकट मी अजून विकलेली नाही. गिऱ्हाईक चांगले होते.)

शर्यतीच्या दिवशी मी फेटा बांधून गेलो.

"फेटा काढा," शीतल म्हणाली.

"हेल्मेट बसतंय की वरून."

"बसत नाही, तरंगतंय. डोकं पिंजऱ्याच्या बाहेर चाललंय."

फेटा बायकोच्या हातात गेला. मग मला खांद्यांवरून, कमरेवरून, मांड्यांमधून पट्ट्यांनी आवळले. एवढ्यावर भागले नाही. दोन्ही मनगटांना एकेक पट्टा बांधून तो छातीवरच्या पट्ट्याला अडकवला. ज्यांच्या जमिनीवर शर्यत होती ते गेनूआबा काठी टेकत जवळ आले.

"काय गं पोरी, बापाला दावं लावतीस व्हय?"

"आबा, गाडी कलंडली की माणूस हात बाहेर टाकतो. मग हात खाली सापडतो."

"मंग ब्येस केलं. ह्यो बोलताना लय हात उडवितो."

शीतल वाकून म्हणाली, "पप्पा, पिंजरा माझी जबाबदारी. स्टिअरिंग तुमची. दोन्ही हात तिथंच ठेवायचे."

"बरं."

"नुसतं बरं नको. शपथ घ्या."

"धंद्याशप्पथ."

यावर तिचा विश्वास बसला.

पहिले वळण मी असे काही घेतले की सांगता सोय नाही. दुसऱ्या वळणावर माझा मेहुणा बबन उभा होता. मी वर पोहोचणार नाही असे तो गावभर सांगत फिरला होता.

"दाजी, आलात का हितवर!" तो ओरडला.

आता मेहुण्याने हाक मारल्यावर हात वर करायचा नाही, अशी आमच्याकडे रीत नाही. मी केला. पट्ट्याने तो छातीपाशीच अडवला. अर्धा नमस्कार झाला, मला हिसका बसला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग वळले, चाक दगडावर चढले आणि बग्गी दमलेली म्हैस बसावी तशी सावकाश कलंडून छपरावर गेली.

मी उलटा लटकत होतो. खिशातून तंबाखूची डबी, चष्मा आणि कुठल्याशा बंगल्याच्या दोन बिजागऱ्या खाली पडल्या.

"लाल खटका दाबा!" शीतल धावत येत होती. मी दाबला. इंजिन थांबले.

"पट्टा सोड गं."

"आधी मान धरू दे. नाहीतर डोक्यावर पडाल."

"मीच सोडतो, त्यात काय—"

"पप्पा. घासाघीस नको."

आवाज एकदम सरळ होता. माझे मनगट मात्र तिने घट्ट धरून ठेवले होते. माझ्या बाजूला, माझा हात जिथे जायला निघाला होता नेमका तिथे, पिंजऱ्याचा पाईप एका काळ्या दगडावर टेकला होता. नवा रंग खरवडून निघाला होता. पाईप केसभरसुद्धा वाकला नव्हता. शीतलने त्यावरून बोट फिरवले. मी ते उलटा बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या पाईपचा भाव सुचला नाही.

मला बाहेर काढले. बायकोने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "फेटा शाबूत हाय." शीतलने ओढणीने माझ्या तोंडावरची माती पुसली, कानामागची पण पुसली, आणि मग लाल झेंडा उचलला.

"स्टिअरिंगवरचा हात सुटला. बाद."

"अगं, पट्ट्यानं अडवला ना?"

"अडवला. पट्टा पास. तुम्ही नापास."

शर्यत संपून गर्दी पांगल्यावर ती म्हणाली, "चला." आणि मला टेकडीच्या माथ्यावर घेऊन गेली. चालत. सगळा चढ तिने माझे मनगट सोडले नाही. वरून आमचे गोदाम काडेपेटीएवढे दिसत होते. पण बसून चढायचे राहिले ते राहिलेच, आणि हे मी तिला रोज ऐकवतो.

कापलेला झोपाळा मी पुन्हा जोडून अंगणात उभा केला. शीतलने हातोडी आणली, भोके बुजवून घेतली, नव्या साखळ्या लावायला लावल्या आणि मग वर हिरवे स्टिकर चिकटवले, पास. मला चालवायची परवानगी असलेले हे आता एकमेव वाहन. रोज संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून चालवतो. बबन रस्त्याने जाताना मुद्दाम हाक मारतो, "काय दाजी, पोचलात का वर?"

मी नुसती मान हलवतो. दोन्ही हात आत असतात.