बापू आणि पाहुण्यांचे बोकड

बापूंना उभ्या उभ्या झोप लागायची. काठी हनुवटीखाली टेकवली, एक पाय दुसऱ्या पोटरीला लावला, की संपलं. शेळ्या चरतायत, पाहुणे फोटो काढतायत आणि बापू घोरतायत. हटकलं तर डोळे न उघडता म्हणायचे, "झोपलो न्हाई सायेब, डोळे चरायला सोडलेत." मला त्यांचा हेवा वाटायचा. मला गादीवर पडूनही झोप येत नव्हती.

येणार तरी कुठून? धारूरच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरात, झाडीत बांधलेला तो लॉज आणि मी तिथला मॅनेजर. म्हणजे नळ गळला तरी मी, भाकरी करपली तरी मी आणि माकडानं चप्पल पळवली तरी मीच. पाहुणा गाडीतून उतरायच्या आधी विचारणार, "ॲक्टिव्हिटी काय काय आहेत?" सकाळी टेकडी, मग दोरीचा पूल, धनुष्यबाण, बैलगाडी, संध्याकाळी शेकोटी. शहरात दमलेली माणसं इथं आणखी दमायला यायची. टेकडीवर धापा टाकत विचारायची, "वर बघण्यासारखं काय आहे?" आता काय सांगणार, कपाळ? केजहून इथं आलो तेव्हा वाटलं होतं, डोंगरात निवांत नोकरी. कसलं निवांत नि कसलं काय!

बापू मात्र लॉजच्या आधीपासूनचे. त्यांच्या दोन-तीन पिढ्या याच उतारावर शेळ्या चारत आलेल्या. लॉजचं कुंपण पडलं आणि ओढ्यावर पाण्याला जायची त्यांची एकुलती एक वाट आत गेली. मालकांनी तोड काढली. शेळ्या खुशाल आतून न्या, पण सकाळी पाहुण्यांना बरोबर घ्या. पाटीवर नवी ओळ आली, 'शेळ्यांसोबत सकाळ'. बापूंनी मान डोलावली. मला म्हणाले, "माणसं वळायची म्हंजे शेळ्याच वळायच्या. फकस्त माणसं लई बोलत्यात."

त्यांच्या शेळ्यांना नावं होती. भुरी, चांदी, कपिली. बोकडांना मात्र नाव नाही. लहान असो, मोठा असो, सगळ्यांना एकच हाक, "ए बे!" मला आधी गंमत वाटली. विचारलं तर म्हणाले, "बोकड बाजारचं असतंय. नाव ठिवलं की ते घरचं झालं. घरचं बाजारात न्हेत न्हाईत. आमच्या बापानं कधी न्हेलं न्हाई." एवढं बोलून काठीवर हनुवटी टेकवली. विषय संपला.

विषय संपला असता तर बरं झालं असतं. पुण्याची एक सहा-सात वर्षांची मुलगी आली आणि तिनं एक तांबूस करडू उचलून छातीशी धरलं. "मम्मा, हा बिस्कीट!" बापू पहिल्यांदा घाईनं पुढं झाले. "ताई, नाव नगा ठिवू. बाजारचं हाय ते." आई हसली आणि तिनं दोघांचा फोटो काढला. तो फोटो मालकांच्या मोबाईलवर गेला. पुढच्या आठवड्यात फाटकावर फुलांची चौकट असलेली पाटी लागली, 'करडाला नाव द्या'. करडाच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू, टाळ्या, फोटो. पाहुण्यांची मुलं हरखून जायची. दर रविवारी एक बारसं. सुलतान झाला, कॅप्टन झाला, चॉकलेट झाला. बापू करडू धरून उभे राहायचे आणि बघायचे जमिनीकडं.

दुसरा कुणी असता तर पाहुण्यांची गाडी वळणापलीकडं गेली की करडू बाजारात नेलं असतं. कुणाला कळणार होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. बापू माझ्याकडं असे बघत राहिले, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

बकरी ईदच्या आधी धारूरचे चाचा आले. शेळ्या-बोकडांचा त्यांचा धंदा, बापूंशी घरोबा जुना. ओट्यावर चहा घेत म्हणाले, "क्या बापू, इस बार कित्ते देते?"

"नावं पडलीत चाचा."

चाचांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "हमारे में तो जो प्यारा है, वहीच देते."

"तुमचं देवासाटी असतंय. माजं पोटासाटी. पोटासाटी नावाचं जनावर कसं देऊ?"

चाचा चहा संपवून, बापूंच्या खांद्यावर हात ठेवून रिकाम्या टेम्पोनं परत गेले.

मग उन्हाळा आला आणि बोकड मोठे झाले. एकमेकांशी टकरा घेणारे, उग्र वासाचे, दाढ्या वाढलेले. खायला शेळ्यांच्या दुप्पट, द्यायला काही नाही. चारा आटला तसे बापू बाभळीवर, बोरीवर चढून डहाळ्या तोडू लागले. गुडघे सुजले. एकदा झाडावरून उतरवत नव्हतं म्हणून ते फांदीवरच बसून राहिले आणि मी शिडी घेऊन गेलो. घरी माई, म्हणजे त्यांची बायको, सरळ भांडायच्या. "ह्ये काय दूध देणार हायत? पाहुण्याच्या लेकरांनी नावं ठिवायची अन् आमच्या शेळ्यांनी उपाशी मरायचं, व्हय?" माई खरंच बोलत होत्या. भुरीचं दूध आटलं, कपिलीचा गाभ पडला. माझा जीव तुटायचा, पण मी तरी काय करणार होतो?

आता तर बापू उभ्या उभ्यासुद्धा झोपेनात.

पाहुण्यांनी वासाची तक्रार केली. मालक आले आणि ओट्यावर उभे राहूनच बोलले, "हे मोठे बोकड हटवा. नाहीतर आतली वाट बंद." वाट बंद म्हणजे पाणी बंद, म्हणजे सगळा कळप गेला. बापूंनी फक्त थोडे दिवस मागून घेतले. मग मला रोज विचारायला लागले, "पुन्याची ती पोरगी कवा येनार?"

"कावून इचारता बापू?" मीही त्यांच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

"जिनं नाव ठिवलं तिला इचारल्याबिगर कसं द्यावं? पयलं नाव तिचं, ती द्या म्हनली की मी मोकळा."

मी त्या कुटुंबाला फोन केला. नवीन झोके बसवलेत, पोहायचा हौद झालाय, असं काहीबाही सांगून बोलावून घेतलं. ती आली. बापूंनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मुलीनं गाडीतून उतरताच हाक मारली, "बिस्कीट!" आणि कळपातून तो आडदांड तांबडा बोकड धावत सुटला, थेट तिच्यासमोर येऊन थांबला. मुलगी किंचाळून आईच्या मागं लपली. "हा नाही! माझा बिस्कीट छोटा आहे!"

बापूंनी बोकडाचं शिंग धरलं. मला वाटलं, आता ते विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"व्हय ताई," ते म्हणाले. "त्यो निराळा हुता."

मुलगी झोक्याकडं पळाली. बापूंनी शिंग धरूनच बोकडाला मागं वळवलं आणि संध्याकाळी चाचांना निरोप धाडला.

बापू आता दिंद्रुडला लेकीकडं असतात. उरलेल्या शेळ्याही तिकडंच नेल्या. काळ्या रानात चारा बरा असतो म्हणे. जाताना माझ्याशी धड बोलले नाहीत. शेळ्यांच्या जागी मालकांनी ससे आणलेत. मुलं त्यांना नावं ठेवतात आणि मी तिथून उठून जातो. जमतच नाही मला बघायला.

चाचांचा टेम्पो आला तो दिवस आठवतो. फळी लावली, पण एकही बोकड चढेना. चाचांच्या माणसांनी दोर ओढले, मागून रेटलं. जनावरं पाय रोवून उभी, नुसती ओरडत होती. एकाचा गळा दोरानं सोलला. तेव्हा बापूंनी सगळ्यांना बाजूला केलं, दोर सोडवले आणि स्वतः टेम्पोत चढले. आत, पार कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"सुलतान," त्यांनी हाक मारली. सुलतान फळीवरून चढून गेला आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं घासू लागला.

"कॅप्टन." कॅप्टन गेला.

"चॉकलेट."

चाचांनी तोंडावर रुमाल धरला. "बस करो बापू. मत पुकारो. हम उठा के चढाते."

पण तांबडा अजून खाली उभा होता, आणि त्याला कुणी ओढावं हे बापूंना नको होतं. त्यांनी त्यालाही नावानं हाक मारली.