भिंतीपलीकडची टकटक

“तीस सेकंद,” मी म्हणाले. “तीस सेकंद कोणीही बोलू नका, हलू नका.”

यॉरिसने घड्याळ पाहिलं. तो आमचा दिग्दर्शक. “मृणाल, रिकाम्या घराची शांतता रेकॉर्ड करून काय करणार आहेस? साडेअकराला पुढचा पत्ता आहे. तिथे तरी माणसं असतील.”

त्याचा वैताग मला कळत होता. आम्ही रॉटरडॅमच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतो. कार्यक्रम बेलिफांवरचा. बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम घेऊन थकबाकीदाराच्या दारात उभा राहणारा आणि वेळ आली तर घर रिकामं करून घेणारा अधिकारी. त्याच्यामागे कॅमेरा घेऊन फिरायचं आणि जे घडेल ते टिपायचं, हे आमचं काम. घडावं अशी अपेक्षा असते ती रडण्याची, भांडणाची, दार आपटण्याची. लोक हे फार आवडीने बघतात. त्या दिवशी मात्र भाडेकरू आधीच निघून गेला होता. कुलूप उघडलं तर आत एक गादी, कुंडीतलं मेलेलं झाड आणि दारामागे पत्रांचा ढीग. यॉरिसच्या दृष्टीने सकाळ वाया गेली होती.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. पुण्यात शिकले, मास्टर्ससाठी इकडे आले आणि इथेच राहिले. आमच्या कामात ‘रूम टोन’ नावाची एक गोष्ट असते. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. कुठे फ्रिजची घरघर, कुठे खिडकीतून येणारी ट्राम. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधलं काही कापलं, की तिथे हीच शांतता भरावी लागते. नाहीतर प्रेक्षकाला कानात खड्डा पडल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी तीस सेकंद मागते, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कुरकुरतं.

शेवटी सगळे गप्प झाले. विलेम, म्हणजे आमचा बेलिफ, फाइल छातीशी धरून उभा राहिला. कुलूपवाल्याने ड्रिल खाली ठेवलं. सामिरा नावाची पोलीस अधिकारी दाराला टेकली. घरात कोणी नसताना कुलूप उघडायचं, तर इथे असा अधिकारी हजर असावा लागतो.

मी लेव्हल वाढवली. हेडफोनमध्ये आधी नुसती हवा होती. मग आलं, टक टक टक. थांबलं. पुन्हा टक टक टक.

“ऐकलंत?”

कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. साध्या कानाला ते ऐकू येण्यासारखं नव्हतंच.

“हीटिंगचे पाइप,” यॉरिस म्हणाला. “थंडीत वाजतात. चला.”

“इथलं हीटिंग दोन महिने बंद आहे,” विलेम शांतपणे म्हणाला. “माझ्या कागदात लिहिलंय.”

मी रेडिएटरला हात लावला. बर्फासारखा गार. मग माइकची लांब काठी घेऊन मी एकेका खोलीत फिरू लागले. स्वयंपाकघरात आवाज जवळजवळ नाही. बेडरूममध्ये थोडा. न्हाणीघरात गेले आणि माइक भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपजवळ धरला, तेव्हा तो आवाज कानात अगदी स्वच्छ वाजला. धातूवर धातू. तीन ठोके, मग दम खाल्ल्यासारखा मोठा विराम.

मी खिशातल्या सायकलच्या किल्लीने पाइपवर दोनदा वाजवलं.

शांतता. मग टक टक. दोनच.

मी चारदा वाजवलं. माझी छाती इतकी धडधडत होती की तोच आवाज रेकॉर्ड होतोय असं वाटलं. पलीकडून चार ठोके आले. चौथा अगदी क्षीण होता, पण आला.

“माणूस आहे!” मी मराठीतच ओरडले. मग इंग्रजीत सांगितलं.

या इमारतीत शेजारची घरं आरशात बघितल्यासारखी असतात. न्हाणीघराला न्हाणीघर लागून. आम्ही एकेचाळीस नंबरमध्ये होतो आणि इथे एका रांगेत विषमच नंबर असतात, म्हणजे आवाज शेजारच्या त्रेचाळीसमधून येत होता. आम्ही सगळे बाहेरच्या लांब गॅलरीत धावलो. दारावर ‘रामदीन’ अशी पाटी. सामिराने बेल वाजवली, दार ठोठावलं. उत्तर नाही.

यॉरिस विलेमकडे वळला. “उघडायला सांग ना. कुलूपवाला इथेच आहे.”

“माझ्या हुकमावर एकेचाळीस आहे. त्रेचाळीसच्या दाराला मी बोटही लावू शकत नाही.”

“मग?”

“मी लावू शकते,” सामिरा म्हणाली. “आत कोणाचा जीव धोक्यात असेल तर. पण मला खात्री हवी. पाइपमधल्या आवाजावर मी दार फोडणार नाही.”

मी दारातली पत्रपेटीची झडप उचलली आणि माइक आत सरकवला. माझे हेडफोन काढून सामिराच्या कानांवर बसवले. रामदीन हे नाव सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या हिंदुस्तानी लोकांत असतं, हे मला ठाऊक होतं. त्यांचे पूर्वज बिहारकडचे. मी झडपेला तोंड लावून हिंदीत हाक मारली, “कोई है? सुनाई देता है? आप कहाँ हैं?”

सामिराने हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटले. मग हेडफोन अर्धा काढून माझ्या कानाला लावला. आतून, खूप लांबून, एका बाईचा सुकलेला आवाज आला. “गिर गइली, बेटी. गिर गइली.”

“काय म्हणते?”

“पडलेय, म्हणते.”

“उघडा,” सामिरा कुलूपवाल्याला म्हणाली आणि वायरलेसवर अँब्युलन्स मागवली.

“सही कोणाची?” त्याने विचारलं. डच माणूस, संकटातही कागद विसरत नाही.

“माझी!”

ड्रिल सुरू झालं. आतून दोन कुलुपं होती आणि वर साखळी. मी आयुष्यात इतका कर्कश आणि इतका आवडता आवाज रेकॉर्ड केलेला नाही. पहिलं कुलूप गेलं. दुसरं अडलं. कुलूपवाल्याने टोक बदललं, घाम पुसला, पुन्हा लावलं. मधे मधे मी झडपेतून ओरडत होते, “आ रहे हैं, माँजी, बस आ रहे हैं!” साखळी त्याने मोठ्या कात्रीने एका झटक्यात तोडली.

कॅमेरामन पुढे झाला. सामिराने दारात आडवा हात धरला. “कॅमेरा बाहेर. मृणाल, तू चल. तिची भाषा तुला येते.”

रामदीनबाई न्हाणीघराच्या फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. आदल्या सकाळी आंघोळ आटोपताना पाय घसरला होता आणि त्या तेव्हापासून तिथेच होत्या. पाय हलत नव्हता, फोन दुसऱ्या खोलीत. हातातल्या चांदीच्या कड्याने त्या पाइप वाजवत राहिल्या होत्या. मी दाराला लटकणारा टॉवेल त्यांच्या अंगावर घातला, वर माझं जॅकेट पांघरलं. सामिराने त्यांचे ओठ ओले केले. त्यांनी माझा हात असा घट्ट धरला की अँब्युलन्सवाल्यांनाच तो सोडवावा लागला.

“शेजारच्या घरात कोणीच राहत नाही, हे मला माहीत होतं,” त्या हिंदीत मला म्हणाल्या. “तरी वाजवत होते. दुसरं करणार काय?”

त्यांना स्ट्रेचरवरून खाली नेलं तेव्हा गॅलरीत आम्ही सगळे एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होतो. विलेमने फाइल खाली ठेवून मला चक्क मिठी मारली. गेली कित्येक वर्षं लोकांना घराबाहेर काढणारा तो माणूस म्हणाला, “एखाद्या दारात गेल्यावर कोणाला आनंद झाला, असं आज पहिल्यांदा पाहिलं.”

यॉरिसचे तर डोळेच चमकत होते. माझा रेकॉर्डर खांद्यावर सुरूच राहिला होता. पाइपवरचे ठोके, झडपेतून आलेला आवाज, ड्रिल, सगळं त्यात होतं. “अख्खा एपिसोड आहे हा,” तो म्हणत राहिला. “अख्खा एपिसोड!”

फक्त संमतिपत्र हवं होतं. ज्याचा चेहरा किंवा आवाज दाखवायचा, त्याची सही घ्यावीच लागते. दोन आठवड्यांनी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो. रामदीनबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि नर्सला सूप अळणी आहे म्हणून झापत होत्या. मला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आशीर्वाद दिला, लग्न झालंय का विचारलं. यॉरिसने फुलं दिली आणि हळूच कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. मग अस्सल रॉटरडॅमी डचमध्ये यॉरिसला विचारलं, “कुठला कार्यक्रम हा?”

त्याने नाव सांगितलं.

“तो बेलिफांचा? घरं जप्त करतात तो?”

“हो, पण तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही तर...”

“माझ्या दारासमोर बेलिफ उभा दिसणार. कुलूप फोडताना दिसणार. अर्ध्या लोकांचा टीव्ही बिनआवाजाचा चालतो. देवळातल्या बायका म्हणतील, रामदीनचं भाडं थकलं!” त्यांनी कागदाची नीट घडी घालून त्याला परत दिला. “चाळीस वर्षांत एका महिन्याचं भाडं चुकवलं नाही मी.”

यॉरिसने चेहरा धूसर करू, आवाज बदलू, असं सगळं सांगून पाहिलं. त्या ऐकत राहिल्या, उशाजवळच्या डब्यातली बर्फी आम्हाला देत राहिल्या आणि नाही म्हणत राहिल्या.

एपिसोड ठरलेल्या दिवशी लागला. त्यात त्या सकाळचं जेमतेम चाळीस सेकंदांचं दृश्य आहे. विलेम कुलूप उघडतो, गादी आणि मेलेलं झाड बघतो, मान हलवतो आणि बाहेर पडतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे पुसलं गेलं, आणि ते मीच पुसलं.

रामदीनबाई आता काठी घेऊन चालतात. त्यांच्या गळ्यात आता आपत्कालीन बटण असतं. आमच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्या नव्या मुलांना मी एवढंच सांगते: जीव वाचवला म्हणून सही मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते, आणि समोरचा नाही म्हणाला तर बर्फी खाऊन परत यायचं असतं.