पिंजण हॉलातले दीर्घश्वास

आमच्या भाऊजींना आयुष्यात एकच काम नीट जमलं, ते म्हणजे दुसऱ्याला सल्ला देणं. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आधी ते विमा विकायचे, मग पाण्याचे फिल्टर, मग कसल्याशा बियांची पावडर. धंदा कुठलाही असो, गिऱ्हाईक आम्हीच. ती पावडर आमच्या कपाटात इतकी पडून राहिली की शेवटी मी कुंडीत ओतली. झाडानेसुद्धा तिला भीक घातली नाही.

मग ते कुठल्याशा आरोग्य शिबिराला गेले आणि परत आले ते पांढरे कपडे घालून, आवाज खाली उतरवून. 'आरोग्य मार्गदर्शक' अशी कार्डं छापली. आजारी पडून औषध घेण्यात काय अर्थ आहे, आजार होऊच द्यायचा नाही. शरीर, मन, अन्न, श्वास हे सगळं एकत्रच बघायचं. असं ते जेवता जेवता सांगत आणि तिसऱ्यांदा वाढून घेत. बोलणं तसं खोटं नव्हतं, तीच पंचाईत होती. चांगली गोष्ट बिनकामाच्या माणसाच्या तोंडी लागली की तिच्यावरचाही विश्वास उडतो.

मी आणि माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, एकाच गाद्या-उशांच्या कारखान्यात कामाला. मी खोळी शिवायला आणि ती पिंजण हॉलात. तिथे कापसाचे दाबलेले गठ्ठे फोडून यंत्रात टाकायचे आणि पलीकडून पिंजलेला कापूस गोळा करायचा. हवेत कायम बारीक तूस. पापण्यांवर, कानांत, जेवणाच्या डब्याच्या झाकणाखालीसुद्धा. खिडक्या बंद, कारण वारा आला की कापूस उडतो. भिंतीत धूळ बाहेर ओढणारा पंखा होता, तो कधीतरी जळला आणि त्या भोकावर फळी ठोकून टाकली. पिंजण हॉलातल्या बायका वर्षानुवर्षं नवा पंखा मागत होत्या. मालकांनी पंख्याऐवजी भाऊजी आणले.

मॅनेजरला कुठून तरी कळलं होतं की माझ्या जावेचा नवरा आरोग्याचं काहीतरी करतो. भाऊजी पंख्यापेक्षा स्वस्त पडले, शिवाय त्यांना वीजही लागत नव्हती. रोज सकाळी हॉलात वर्ग सुरू झाला. यंत्रं थांबवली तर माल कमी निघतो, म्हणून ती चालूच. अर्ध्या बायका यंत्रावर आणि अर्ध्या भाऊजींपुढे ओळीत उभ्या. भाऊजी सांगायचे, श्वास नाकातून घ्या, सावकाश घ्या, पार बेंबीपर्यंत जाऊ द्या. आणि आपण सगळ्यांत मोठा श्वास घेऊन दाखवायचे. जे तूस एरवी घशाशी अडलं असतं, ते त्यांनी रीतसर शिकवून तळापर्यंत पोचवलं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! बायकांनी त्यांचं नाव 'दीर्घश्वास' पाडलं. ते हॉलात शिरले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आले गं दीर्घश्वास." त्यांना तो मान वाटायचा.

जावेचा खोकला त्याच्याही आधीचा. पण आता तिची छाती आवळायला लागली, आणि तीही कशी, तर आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की त्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त. जिना चढताना मधेच थांबून ती कठड्याला धरायची आणि मला हाताने 'तुम्ही व्हा पुढे' म्हणायची. भाऊजींकडे उत्तर तयार होतं. म्हणाले, सुट्टीच्या दिवशी तुझा सराव बुडतो, म्हणून असं होतं. झालं, सुट्टीच्या दिवशीही सराव सुरू. तीन चेंडूंची एक प्लास्टिकची नळी त्यांनी आणली. श्वास ओढला की चेंडू वर चढायचे. जावेचा एकच चढायचा, तोही अर्ध्यावर लटकायचा. भाऊजी मान हलवून म्हणायचे, मनाची तयारी नाही. मला तेव्हा ती नळी त्यांच्याच घशात कोंबावीशी वाटायची.

शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या. त्या स्वतः पेशंटना आहार सांगायच्या, व्यायाम शिकवायच्या, श्वासाचेही शिकवायच्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचं ऐकलं आणि त्यांनी लगेच विचारलं, कापसात काम करता का? मग म्हणाल्या, "व्यायाम चांगलाच आहे, पण स्वच्छ हवेत. आजार टाळायचा म्हणजे आधी धूळ टाळायची. जेवढी छाती गेली ती परत येणार नाही. उरली आहे ती वाचवा."

घरी येऊन मी हे भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं, आणि मालकांशी पंख्याचं बोला म्हटलं. ते हसले. डॉक्टर नुसती छाती बघतात, मी अख्खा माणूस बघतो, म्हणाले. मी म्हटलं, "मग त्यात बायको बसते का तेवढं बघा." त्यावर ते डोळे मिटून बसले. अडचणीच्या वेळी डोळे मिटायची विद्या मात्र त्यांनी चांगली कमावली होती. जाऊ म्हणाली, काम सोडून चालणार नाही ताई, घर माझ्यावर आहे. ते तर आंधळ्यालाही दिसत होतं.

अशात कारखान्यात मोठे पाहुणे यायचं ठरलं. हॉटेलांना गाद्या घेणारी माणसं, आणि त्यांना कामगारांच्या आरोग्यासाठी काय करता तेही बघायचं होतं. आता पिंजण हॉलात त्यांना न्यायचं तर काळ्या कोटांवर कापूस बसणार. म्हणून वर्ग वरच्या मजल्यावर हलवला, काचेच्या भिंतींच्या बैठकीच्या खोलीत. पाहुण्यांच्या कोटांची काळजी मालकांनी किती झटकन घेतली! नमुन्याच्या उशा घेऊन मी वर गेले होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

खाली यंत्रं बंद. वर गालिच्यावर पिंजण हॉलातल्या सगळ्या बायका ओळीत बसलेल्या, केसांत अजून तूस. थंड, स्वच्छ हवा. भाऊजींनी श्वास घ्यायला सांगितलं आणि त्यांनी तो घेतला. खोकला आला तो एकदोघींनाच. पाहुण्यांनी फोटो काढले, माना डोलावल्या आणि काचेपलीकडच्या खोलीत जेवायला बसले. मॅनेजर आत येऊन हळू आवाजात म्हणाला, चला, खाली चला.

कुणी उठण्याआधीच माझी जाऊ बोलली. डोळे मिटलेलेच होते.

"खाली पंखा बसवा, मग येतो. तोवर आम्ही इथे श्वास घेतो."

एकेकीने पुन्हा डोळे मिटले. मॅनेजरला ओरडताही येईना, काचेपलीकडे पाहुणे त्याच्याकडेच बघत होते. एकाने तर अंगठा वर करून दाखवला. मॅनेजर भाऊजींच्या कानाशी लागला, "उठवा यांना. तुमचं ऐकतील."

भाऊजींनी तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. मग तोंड मिटलं, टेबलाला हात लावून खुर्चीत बसले आणि डोळे बंद केले. मॅनेजरने दोनदा खांद्याला हात लावला, तरी ते ढिम्म. पाहुण्यांचं जेवण उरकेपर्यंत एकही बाई उठली नाही. शेवटी मालक स्वतः दारात आले आणि पंखा बसवतो म्हणाले, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग मात्र शब्द फिरवता आला नाही. पंखा बसला.

तेव्हापासून कारखान्यात भाऊजींचं काय कौतुक! बायकोसाठी नोकरी पणाला लावली म्हणे. मालकांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत लागते म्हणे. भाऊजी लगेच हरभऱ्याच्या झाडावर. मौनातही बळ असतं, मी मनाशी ठरवूनच बसलो होतो, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. त्या दिवशी मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कसली हिंमत आणि कसलं मौन! त्यांना खोकल्याची उबळ आली होती आणि ती दाबता दाबता शब्द फुटत नव्हता. बोलता आलं असतं तर त्यांनी बायकांना उठवलंच असतं.

हे जावेला सांगायचंच असं ठरवून मी एका संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती भांडी विसळत होती. मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी वर भाऊजी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी डोळे मिटले होते ताई, कान नाही. ते गप्प बसले नव्हते. त्यांना श्वास येत नव्हता."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आपल्या हॉलाचा खोकला मला ओळखू येतो. उद्या मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे. तुम्हीही चला. पण त्यांना हसायचं असेल तर येऊ नका."

मी गेले.