बॅटरी लाल झाली की

सगुणा मासळी महाग विकायची आणि सल्ला फुकट द्यायची. दिवाळे कोळीवाड्याहून टोपली घेऊन ती आमच्या बेलापूरच्या सोसायटीच्या गेटाशी बसायची आणि कोलंबी सोलता सोलता गिऱ्हाइकांना मोबाइलच्या युक्त्या शिकवायची. पाण्यात पडलेला फोन तांदळात पुरून ठेवा. एटीएमवर चोराने गाठलं तर पिन उलटा मारा, पोलीस आपोआप येतात. मी एकदा म्हटलं, बाई गं, तुझं एटीएम कार्ड कुठाय? तर म्हणाली, कार्ड नाय तर काय झाला, युक्ती तर म्हाईत पायजे. तिच्याशी वाद घालणं म्हणजे चिंबोरीशी हात मिळवण्यासारखं होतं. बोटं आपलीच जायची.

हे सगळं ज्ञान तिला पुरवायचे आमचे चेअरमन जयप्रकाशराव. सकाळी तोंड धुण्याआधी ढीगभर मेसेज पुढे ढकलणारे गृहस्थ. सगुणाला वाचायला फारसं यायचं नाही. म्हणून ती त्यांचे बोंबील साफ करेपर्यंत ते पिशवी धरून उभे राहायचे आणि मोबाइल लांब धरून मोठ्याने वाचून दाखवायचे. ती एकदाच ऐकायची आणि जन्मभर विसरायची नाही. त्यांना एवढा मन लावून ऐकणारा श्रोता घरात मिळत नव्हता, आणि तिला एवढा शिकलेला माणूस फुकटात मिळत होता. दोघांचंही बरं चाललं होतं.

पण सगुणाची ही हौस नव्हती, हे मला उशिरा कळलं. तिचा नवरा नामदेव आणि मुलगा धनेश दोघंही खाडीवर जायचे. खाडीवर निघालेल्या माणसाला 'कुठं चाललास', 'कधी येशील' असं विचारायचं नाही, अशी तिच्या सासरची रीत. विचारलं की अपशकुन. मग बाईने काळजी करायची तरी कशी? सगुणाने आपली वाट शोधली होती. धनेश होडीकडे निघाला की ती दारात आडवी उभी राहायची आणि विचारायची, बॅटरी लाल झाली की काय करशील? तो म्हणायचा, आधी स्टार, तीन तीन सात शून्य, हॅश. मग फोन. तेवढं म्हणवून घेतलं की ती बाजूला व्हायची.

या नंबरावर तिचा देवासारखा विश्वास होता. कंपनीने प्रत्येक फोनमध्ये अर्धी बॅटरी लपवून ठेवलेली असते, हा नंबर दाबला की ती उघडते, असं जयप्रकाशरावांनी वाचून दाखवलं होतं. सगुणाला ते लगेच पटलं. तीही प्रत्येक सुगीत थोडे सुके बोंबील डब्यात मागे ठेवायचीच, घरातल्यांना न सांगता, अडीनडीला. फोन करणाऱ्याने तसंच केलं असेल तर त्यात नवल ते काय? शहाण्या माणसाने सगळं एकदम वाढायचं नसतंच.

गेल्या माघात नामदेव आणि धनेश दुपारी जाळं काढायला गेले. ओहोटी लागली आणि होडी गाळावर बसली. यात काही विशेष नाही, तिथे हे नेहमीचंच असतं. भरती येईपर्यंत डबा खायचा आणि टोपी तोंडावर ओढून पडायचं. त्या दिवशी नामदेवांच्या छातीत कळ आली. चहूकडे कमरेएवढा चिखल, समोर बेलापूरच्या इमारती दिसतायत, आणि जायला वाट नाही. भरतीचं पाणी चढून होडी धक्क्याला लागली तेव्हा बापाचं डोकं मुलाच्या मांडीवर होतं आणि सगळं संपलं होतं.

धनेशने घरी सांगितलं की फोनची बॅटरी लाल झाली होती, तो घाबरला, नंबर विसरला, सरळ फोन लावायला गेला आणि फोन बंद पडला. बस्स एवढंच.

सगुणा त्या दिवसापासून मुलाशी बोलली नाही. त्याला जेवायला वाढायची ती सून, मनस्वी. महिन्याभराने सगुणा पुन्हा आमच्या गेटाशी बसायला लागली. टोपली जड व्हायला लागली होती म्हणून धनेश तिला स्कूटरवरून आणून सोडायचा आणि बर्फाचा डबा उतरवून द्यायचा. तो तिथे उभा असतानाच ती गिऱ्हाइकाला सांगायची, "माज्या पोराला येकच गोष्ट शिकवलेली. तीच इसरला." मासा कापता कापता सांगायची, आवाज न चढवता. धनेश खाली मान घालून डबा उतरवायचा. बायका हळहळायच्या आणि त्याच्याकडे पाहायच्या, आणि त्या पाहण्यात काय असायचं ते त्यालाही कळत होतं. मला ते बघवायचं नाही. मी दोनदा तिला रागावले, की अगं, पोटचा पोर आहे. तिने माझ्या पिशवीत सुरमई टाकली आणि पुढच्या बाईला भाव सांगितला.

मग एक दिवस ती घरी आली. मी शाळेत शिकवायचे, माझ्या ओळखी आहेत, हे तिला माहीत. म्हणाली, ताय, आमच्या बचत गटातल्या बायांना, पोरांना कोनीतरी नीट शिकवाया पायजे. तो लपलेल्या बॅटरीचा नंबर, पोलिसांचा नंबर, सगळं. दुसऱ्या कोनाची चूल माज्यासारखी नको इझाया. माझी एक विद्यार्थिनी, उन्नती, पोलिसांत आहे, शाळांतून वस्त्यांतून अशी शिबिरं घेते. मी तिला फोन केला, तिने रविवार दिला. नवऱ्याच्या मरणातून बाई काही चांगलं उभं करतेय म्हणून मला अगदी भरून आलं होतं.

शनिवारी संध्याकाळी धनेश दारात उभा. आत ये म्हटलं तर येईना. चपला काढून उंबऱ्याबाहेरच राहिला.

"ताय, तो नंबर चालत नाय," तो म्हणाला. "मी दाबलेला. आयेने सांगितलेला तसा, आधी तोच दाबला. काय तरी इंग्लिशमधी आला आन् गेला. मना वाटला माजाच चुकला. म्हनून परत दाबला. परत दाबला. मग फोनच गेला."

सानपाड्याच्या एका मोबाइलवाल्याला त्याने नंतर विचारलं होतं. तो हसला होता. असली बॅटरी कुठल्याच फोनमध्ये नसते म्हणाला.

मी विचारलं, मग आईला खोटं का सांगितलंस? त्याने जिन्याकडे पाहिलं. "माज्यावर राग धरून ती जगते ताय. सोतावर धरला तर नाय जगायची," तो म्हणाला. "उद्याच्या बाईला सांगा, तो विषय काढू नको."

दार लावून मी तशीच बसले. इतके दिवस लोकांच्या नजरा खालमानेने सोसणारा हा मुलगा, आणि आम्ही सगळ्या शहाण्या बायका त्याच्याकडे पाहून चुकचुकत होतो. मला फक्त स्वतःची नाही, आम्हा सगळ्यांचीच चीड आली. डॉक्टरांना मी नंतर विचारलं की वेळेवर फोन लागला असता तर नामदेव वाचले असते का. ते म्हणाले, सांगता येत नाही, त्या गाळात मदत पोचायलाच वेळ गेला असता. हे 'सांगता येत नाही' फार वाईट. 'नाही' म्हटलं असतं तर धनेश निदान झोपला असता.

उन्नतीला फोन केला. ती म्हणाली, मॅडम, मी आपणहून तो विषय काढत नाही, पण कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही. त्या बायकांची माणसं उद्या परत खाडीत जाणार आहेत. खरं बोलायला तिला मीच शिकवलं होतं, आता मलाच महाग पडलं.

रविवारी दिवाळ्याच्या देवळाशेजारच्या समाजमंदिरात बायका, पोरं दाटीवाटीने बसली. सगुणा पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून. नामदेव गेल्यापासून तिला मी एवढी ताठ बसलेली पाहिली नव्हती. जयप्रकाशराव सोसायटीचा माइक घेऊन हौसेने आले होते. धनेश आला नाही.

उन्नतीने छान सांगितलं. एकशे बारा हा मदतीचा नंबर फोनला लॉक असला तरी लागतो, दुसऱ्याच्या फोनवरून लागतो. आपल्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल, तर तिच्यावरून लागतो. मात्र कुणाचाच टॉवर नसेल तर तो लागत नाही, लोक काहीही सांगोत. बऱ्याच फोनवर बाजूचं बटण भराभर तीनदा दाबलं की तोच कॉल जातो, आणि बटणांच्या साध्या फोनवर पाच किंवा नऊ दाबून धरायचा. फोन लागला की आधी जागा सांगा, नाव मागाहून. पिन उलटा मारून पोलीस येत नाहीत. तांदळाने फोन सुकत नाही, त्यात धूळ मात्र जाते. बायका हसल्या. सगुणाही हसली, तांदळाचं तिने कितीजणींना सांगितलं होतं. पोरांनी हाताने बटण दाबून पाहिलं, उन्नतीने त्यांना दटावलं की खेळ म्हणून फोन लावाल तर मी येईन. सगळं सुरळीत पार पडलं असं वाटून मी पदर सावरला.

तेवढ्यात सगुणा उठली.

"बाय, मुख्य नंबर सांगायचा राहिला तुमचा," ती म्हणाली. "बॅटरी लाल झाली की दाबायचा तो." आणि तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणून दाखवला, एकेक आकडा सुटा करून.

उन्नतीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. मग तिने समोर पाहिलं. मागच्या भिंतीला टेकून बसलेली पोरं, हातात फोन, आकडे टिपून घेत होती.

"मावशी, तो नंबर खोटा आहे," ती म्हणाली. "कुठल्याच फोनमध्ये बॅटरी लपवलेली नसते. फार जुन्या काही फोनमध्ये तो नंबर आवाज स्वच्छ यायला होता, त्याने बॅटरी उलट जास्त जायची. बॅटरी लाल झाली की दुसरं काही करायचं नाही. पहिला फोन एकशे बारा."

गावातल्या प्रत्येक बाईला सगुणाचं दुःख तोंडपाठ होतं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, सगळ्या आपापल्या हातांकडे पाहत बसल्या.

सगुणा उभीच होती. तिने हळूच विचारलं, "दाबला तर काय होतं?"

"काही होत नाही मावशी. नंबर चुकीचा म्हणून इंग्रजीत येतं. तेवढा वेळ जातो, आणि उरलेली बॅटरी जाते."

सगुणाने मान डोलावली. वर्गात उत्तर समजल्यावर मुलं डोलावतात तशी. मग ती बायकांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. जयप्रकाशराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, अहो, मी तर फक्त पुढे पाठवलं होतं. मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण देवळाशेजारी शिव्या देऊ नयेत एवढं मला कळतं.

मी तिच्या मागे गेले. ती घरी गेली नाही, धक्क्याकडे गेली. धनेश होडीत बसून फाटलेलं जाळं सांधत होता. आईला येताना पाहिलं आणि मागे मला पाहिलं, आणि त्याला समजलं. त्याची सुई थांबली नाही.

सगुणा होडीच्या काठाशी उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती.

"दाबलेलास तू," ती म्हणाली.

"नाय आये. इसरलो मी."

"रोज म्हनवून घेतलेला तुज्याकडून."

"तरी इसरलो."

"तू कधी काय इसरलास रे? लहानपनी दुकानातून येक सामान आनाया इसरला नायस."

धनेशने जाळ्याची एक गाठ मारली, ती नीट बसली नाही, पुन्हा मारली. सगुणा त्याच्याकडे पाहत होती, आणि तिला सगळं समजलं होतं. आपल्यामुळे काय झालं ते, आणि हा इतके दिवस आपल्यासाठी काय करत होता तेही. आता तिने आणखी एकदा विचारलं असतं तर त्याला खरं सांगावं लागलं असतं. नको विचारूस गं, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

ती होडीत उतरली. त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बरा," ती म्हणाली. "इसरलास."

मग तिने मुलाच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि नवरा गेल्यावरही रडली नव्हती इतकी रडली. धनेशच्या हातातलं जाळं पडलं. तो तिला दोन्ही हातांनी धरून बसला आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, की आये, मी इसरलो, मीच इसरलो.