मागं बघायचं नाही

धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न ठरलं आणि बहिणीचे थोरले दीर रहिमतपूरहून येऊन सांगून गेले, पोरीला हळद आईनं लावायची नाही. "विधवा-बिधवा आमी मानत न्हाई, पर हिनं मागं बघितलेलं हाय!"

तीन वर्षांपूर्वी बहिणीचा नवरा गेला. मुलगा नाही, म्हणून अग्नी तिनंच दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरली, मडकं मागं टाकून फोडलं. त्यानंतर मागं न बघता निघायचं असतं. ती दोन पावलं चालली आणि वळली. झालं! तेव्हापासून सासरी काही बिनसलं की खापर हिच्यावर. कावळा उशिरा शिवला, ही कारण. म्हशीचं रेडकू दगावलं, त्यालाही हीच कारण. ऐकून माझं डोकं तडकायचं. बहीण मात्र मुकी.

त्याच आठवड्यात सांगलीला ह्याच भाचीचा कार्यक्रम होता. ती मिरजेत गाणं शिकते. तिच्या क्लासनं अठराव्या शतकातला एक युरोपातला ऑपेरा मराठीत बसवला होता. आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार, फक्त यात बोलणं नाहीच, सगळं गाऊनच सांगायचं. गोष्ट ग्रीक पुराणातली. एका गवयाची बायको मरते. तो तिला आणायला पाताळात जातो. देव म्हणतात, ने, पण वाटेत तिच्याकडं वळून बघायचं नाही. बायकोचं काम भाचीकडं होतं. मी आणि बहीण शेजारी, बहिणीच्या पलीकडं हे दीर.

गवयानं वळून बघितलंच. बायको पुन्हा मेली. मग तो असा काही रडत गायला की देवालाच पाझर फुटला आणि बायको जिवंत! टाळ्यांचा कडकडाट. भाची फार गोड गायली, पण मला कुठलं कौतुक सुचतंय? मी आतल्या आत धुमसत होते. पुरुषानं बघितलं तर देव त्याची बायको परत देतो, आणि बाईनं बघितलं तर तिच्या हातातली हळदीची वाटी काढून घेतात. त्यात हे दीर उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "बघणारच की गड्या! केवढा जीव हाय त्याचा बायकूवर!"

मग मात्र माझा तोल गेला. "आवं पाव्हणं, आन् माझ्या बहिणीचा जीव न्हवता व्हय? त्या नाटकातल्या गड्यासाठी रडताय, आन् हिला तीन वर्सं कोपऱ्यात बसवलीय! लाज कशी वाटत न्हाई?" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

"ते नाटक हाय," ते पुटपुटले. मग मान खाली घालून बहिणीला म्हणाले, "पर तू बघितलंसच कशाला?"

तीन वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बहीण म्हणाली, "घरात वाटी पडली तरी ते दचकून उठायचे. मडकं तर केवढ्यांदा फुटलं. म्हनून बघितलं."

ती उठली आणि लेकीकडं निघाली. "हळद तूच लाव गं," ते मागून म्हणाले. आईला परवानगी देतोय, मेला! तिनं ऐकलं नाही असं वाटून त्यांनी आणखी मोठ्यानं हाक मारली. ती तशीच चालत राहिली. तिनं मागं वळून बघितलं नाही.