अण्णांचं तळं, माझं ओलं जाळं

राहात्याच्या दवाखान्यात अण्णांना शेवटचं भेटलो, तेव्हा मी मोसंबी सोलत होतो. "धाकट्या पोराला बोलावू का? भास्करला?" विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "न्हाई. त्यानं माझं तळं नासवलं." मी पुढची फोड त्यांच्या हातात दिली... चौथ्या दिवशी ते गेले. त्याला आता महिना झाला.

अण्णा माझे बांधशेजारी. दोघांच्याही शेततळ्यांत रोहू-कटला. मासे काढायला आम्ही सावड करायचो. आज त्यांचं तळं, उद्या माझं. पण तळ्याच्या बाबतीत माणूस भलताच सोवळा! पाहुणा असो की व्यापारी, लाल औषधाच्या पाण्यात पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. एका तळ्यातलं जाळं दुसऱ्यात घालायचं, तर आधी दोन दिवस कडक ऊन. "ओल्या जाळ्यातनं उवा येत्यात," म्हणायचे. माशाला कसल्या उवा, म्हणून आम्ही हसायचो. पण असतात. अंगाला चिकटून रक्त पितात.

चार वर्षांपूर्वी त्यांना मोठे मासे तेवढे काढायचे होते. कोपरगावच्या व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा, आणि त्यांचं जाळं फाटलेलं. माझं जाळं आदल्याच दिवशी माझ्या तळ्यातून निघालं होतं. वरून कोरडं, घडीत ओलं. माझ्या माशांवरचे लाल ठिपकेही मी पाहिले होते.

"वाळलंय का रं?"

"व्हय अण्णा, कवाच."

माझ्या शब्दावर त्यांनी जाळं हात लावूनही पाहिलं नाही.

पुढे त्यांचे मासे तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाला अंग घासू लागले. खवले गळाले, जखमा झाल्या, मग रोज पाटीभर मेलेले तरंगायचे. अण्णांनी खाद्य टाकणाऱ्या भास्करला धरलं. "पाय न धुता उतरलास!" तो आईची शपथ घेऊन रडत होता. अण्णांनी सगळ्यांदेखत त्याच्याकडून ते कुजके मासे खड्ड्यात पुरून घेतले, वर चुना टाकायला लावला आणि त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं. मी चुन्याची गोणी फोडून दिली. मला माझी किळस येते.

दहाव्याला भास्कर केडगावहून आला. दोघं तळ्याच्या कडेला बसलो. म्हणाला, "दादा, खोलीत शिरताना मी अजून दोनदा पाय धुतो. हसत्यात लोक." मग विचारलं, "त्या दिशी मी खरंच इसरलो आसंन का वं?"



"आसशील," म्हणालो. "जाऊ दे आता."